पगडी उतरवून आलेला पाहुणा

काही वर्षांपूर्वीच्या नाताळची गोष्ट. आमच्या शेजारी राहणारे एक हिंदू गृहस्थ मध्यरात्रीच्या मिस्सेला आमच्याबरोबर यावे म्हणून कित्येक दिवस उत्सुक होते. ते आले. चर्चच्या पायरीशी क्षणभर थबकले, चपला काढाव्यात की घालून जावे याचा विचार केला, आणि शेवटी काढूनच आत शिरले. आम्ही उभे राहिलो की ते उभे राहत, आम्ही गुडघे टेकले की तेही टेकत. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी आम्ही रांगेत निघालो तेव्हा तेही निरागसपणे आमच्या मागे उभे राहिले. रांगेची व्यवस्था पाहणाऱ्या एका स्वयंसेवकाने त्यांना हात आडवा करून अडवले आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "हे तुमच्यासाठी नाही." गृहस्थ परतले, बाकावर बसले आणि मिस्सा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

स्वयंसेवकाने सांगितले ते ख्रिस्तसभेच्या शिस्तीला धरूनच होते, यात शंका नाही. परंतु खरी गोष्टसुद्धा दार लावून घेतल्यासारखी सांगता येते आणि दार उघडे ठेवूनही सांगता येते. त्या रात्रीपासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे. जो माणूस पहिल्यांदाच आपल्या देवालयात पाऊल ठेवतो, त्याला 'हो' कसे म्हणावे आणि 'नाही' कसे म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्या इतिहासातील एक प्रसंग पुनःपुन्हा आठवत राहिला. तो प्रसंग सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचा आहे. त्यातील पाहुणा हिंदुस्थानचा बादशहा होता आणि त्याचे स्वागत करणारे पाद्री गोव्याहून गेलेले होते.

गोव्याला आलेले निमंत्रण

अकबर बादशहाची धर्मजिज्ञासा सर्वश्रुत आहे. १५७५ मध्ये त्याने फतेपूर सिक्री येथे इबादतखाना नावाची वास्तू बांधली आणि तेथे रात्ररात्र धर्मचर्चा घडवून आणल्या. आरंभी या चर्चा मुसलमान पंडितांपुरत्याच मर्यादित होत्या. पुढे ब्राह्मण, जैन मुनी आणि पारशी धर्मगुरू यांनाही तेथे पाचारण करण्यात आले. ख्रिस्ती धर्माविषयीचे त्याचे कुतूहल मात्र एका अगदी व्यावहारिक गोष्टीतून वाढले असे सांगतात. बंगालमध्ये काम करणाऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंनी, बादशाही खजिन्याचा कर बुडवणाऱ्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांना पापक्षमा नाकारली. आपल्याच देशबांधवांविरुद्ध आणि परक्या राजाच्या बाजूने न्याय सांगणारी ही कोण माणसे, असा विचार बादशहाच्या मनात आला. धर्माची ओळख ग्रंथांतून होण्याआधी धर्मगुरूंच्या प्रामाणिकपणातून झाली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अर्थात या कुतूहलाला राजकारणाची किनार नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पश्चिम समुद्रावर त्या काळी पोर्तुगीजांची सत्ता होती. मक्केच्या यात्रेस निघालेल्या मोगल जहाजांनाही त्यांचा परवाना घ्यावा लागे. बदायुनी या समकालीन इतिहासकाराच्या लेखनातून दिसते, की या परवान्यांवर मरियेची व येशूची चित्रे असत आणि ती दरबारातील मौलवींना खटकत. जे चित्र आपण भक्तिभावाने देव्हाऱ्यात लावतो, तेच कुणाला सक्तीच्या परवान्यावरचा शिक्का म्हणून प्रथम दिसले! पवित्र मरियेशी उत्तर हिंदुस्थानातील पुष्कळांची पहिली ओळख अशी झाली, हे सत्य आपल्याला थोडे बोचले पाहिजे.

१५७८ च्या अखेरीस बादशहाने गोव्याला पत्र लिहिले. दोन विद्वान धर्मगुरू पाठवावेत, त्यांनी आपले धर्मशास्त्राचे व शुभवर्तमानाचे ग्रंथ बरोबर आणावेत, आणि ते परत जाऊ इच्छितील तेव्हा त्यांना सन्मानाने निरोप दिला जाईल, अशा आशयाचे ते निमंत्रण होते. पुढील वर्षी बादशहाचा वकील गोव्यास पोहोचला. येशूसंघाने तिघांची निवड केली. प्रमुख होते फादर रुदोल्फ आक्वाविवा. इटलीतील आत्रीच्या सरदार घराण्यात १५५० साली जन्मलेले हे धर्मगुरू त्या वेळी अवघे एकोणतीस वर्षांचे होते. दुसरे होते कातालान वंशाचे फादर आंतोनियो मोन्सेरात. तिसरे फ्रान्सिस्को हेन्रिकिश मूळचे होर्मुझचे. ते इस्लाममधून ख्रिस्ती झालेले होते आणि फारसी जाणत असल्यामुळे दुभाष्याचे काम त्यांच्याकडे होते.

१७ नोव्हेंबर १५७९ रोजी या तिघांनी गोवा सोडला. चौल, मुंबई, वसई हा आपला सारा किनारा उजव्या हाताला ठेवून त्यांचे जहाज दमणला लागले. तेथून सुरत, मांडू, उज्जैन, नरवर, ग्वाल्हेर असा खुष्कीचा प्रवास झाला. वाटेत नरवरला मोन्सेरात आजारी पडले व मागे राहिले. बाकीचे दोघे २८ फेब्रुवारी १५८० रोजी फतेपूर सिक्रीला पोहोचले. काळे झगे घातलेली, दाढी-मिशा काढलेली, कमरेला शस्त्र नसलेली ही माणसे पाहण्यासाठी रस्त्यांवर गर्दी लोटली. बादशहाने त्यांना त्याच रात्री भेटीस बोलावले आणि उशिरापर्यंत त्यांच्याशी गोष्टी केल्या. निरोप देताना त्यांच्यापुढे सुवर्णमुद्रांचा मोठा नजराणा ठेवण्यात आला. पोटापुरते अन्न मिळाले की आम्हांला पुरे, असे सांगून पाद्रींनी तो परत केला. दरबारात असा नकार ऐकण्याची कुणाला सवय नव्हती. या हकीकतीतील पहिले 'नाही' ते हे.

चॅपेलमधील तीन नमस्कार

काही दिवसांतच पाद्रींनी बादशहाला बायबलच्या बहुभाषी आवृत्तीचे खंड भेट दिले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने आंटवर्प येथे १५६८ ते १५७२ या काळात छापलेली ही आवृत्ती त्या युगातील मुद्रणकलेचा एक चमत्कारच होती. बादशहाने डोक्यावरची पगडी उतरवली आणि एकेक खंड मस्तकी धरून त्याचे चुंबन घेतले. यांतील शुभवर्तमानाचा खंड कोणता असे त्याने विचारले, आणि तो दाखवताच त्याला अधिकच आदर दिला. वाचता न येणारा हा बादशहा ग्रंथाला मान देण्याच्या बाबतीत अनेक साक्षरांना मागे सारणारा होता.

पाद्रींना प्रथम गावात दिलेल्या जागी फार गोंगाट होता, म्हणून त्यांना राजवाड्याच्या परिसरात घर मिळाले. तेथील एका खोलीत त्यांनी चॅपेल मांडले. अत्तरे ठेवण्याची ती जागा होती असे म्हणतात. वेदीवर त्यांनी धन्य कुमारी मरियेचे चित्र लावले. रोम येथील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात जे प्राचीन चित्र आहे आणि जे संत लूकने काढले अशी परंपरा सांगते, त्याची ती प्रतिकृती होती.

एके दिवशी बादशहा ते चॅपेल पाहण्यासाठी आला. चित्र पाहून तो स्तिमित झाला. पाद्रींच्या पत्रांतून आलेली हकीकत अशी, की त्याने प्रथम मुसलमानी रीतीने लवून आदर व्यक्त केला, नंतर ख्रिस्ती रीतीने गुडघे टेकले, आणि शेवटी हिंदूंच्या पद्धतीने नमस्कार केला. परमेश्वराची आराधना सर्व लोकांच्या रीतींनी व्हावयास हवी, असा त्याचा अभिप्राय होता. मग तो बाहेर गेला, आपल्या जवळच्या माणसांशी चित्राच्या सौंदर्याविषयी बोलला आणि आपल्या प्रमुख चित्रकाराला घेऊन पुन्हा आत आला. पुढे काही दिवसांनी तो आपल्या मुलांना आणि सरदारांना घेऊन आला. त्या वेळी सर्वांनी पादत्राणे बाहेर काढली होती.

हे दृश्य आम्ही अनेकदा डोळ्यांसमोर आणतो. ज्या खोलीत त्याने पगडी उतरवली तिच्या भिंती त्याच्या, जमीन त्याची, सत्ताही त्याचीच. तरीही त्या दाराशी तो यजमान राहिला नाही, पाहुणा झाला. आणि त्याचे ते तीन नमस्कार? कडक दृष्टीने पाहिले तर तो सारा गोंधळ होता. परंतु नव्या घरात गेलेला माणूस आपल्याला ठाऊक असलेल्या रीतीनेच वाकतो, कारण दुसरी रीत त्याला अजून कुणी शिकवलेली नसते. आमच्या शेजाऱ्यांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि रांगेत उभे राहिले, ते याच न्यायाने. पाद्रींनी बादशहाला त्या क्षणी टोकले नाही. त्यांनी त्याला चित्र पाहू दिले.

प्रश्न आणि दुसरे 'नाही'

त्यानंतरची तीन वर्षे ही प्रश्नांची वर्षे आहेत. अबुल फझलकडे पाद्रींना साहाय्य करण्याची कामगिरी होती. बादशहाचा दुसरा मुलगा मुराद मोन्सेरात यांच्याकडे शिकू लागला. शुभवर्तमानाचे भाषांतर करण्याची आज्ञा अबुल फझलला झाल्याचे बदायुनीने नोंदवले आहे. त्याची ही नोंद कौतुकाची नाही, नाराजीची आहे. म्हणूनच ती अधिक विश्वसनीय वाटते.

बादशहाचे प्रश्न वरवरचे नव्हते. देव एक आहे तर तो त्रैक्य कसा? देवाला पुत्र असतो म्हणजे काय? सर्वसमर्थ देवाने मानवदेह धारण करून क्रुसावरचे मरण का स्वीकारावे? आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आपली मुले हेच प्रश्न विचारतात आणि आपण बहुधा "असे विचारू नये" म्हणून त्यांना गप्प करतो. आक्वाविवा यांनी बादशहाला गप्प केले नाही. उत्तरे देण्यासाठी ते कसून फारसी शिकले. तथापि त्यांच्या गुणांबरोबर त्यांची उणीवही सांगितली पाहिजे. त्यांच्या पत्रांत इस्लामविषयी व त्याच्या प्रेषिताविषयी अतिशय कडवट शब्द आहेत. ज्या घरात आपल्याला पाहुणचार मिळतो आहे त्या घराच्या श्रद्धेविषयी असे बोलू-लिहू नये, हे त्या काळच्या धर्मगुरूंना उमगलेले नव्हते. येशूवर प्रीती करण्यासाठी दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाचा अनादर करावा लागत नाही, एवढे शिकायला ख्रिस्तसभेला पुढे बराच काळ लागला.

वादविवाद रंगात आले असताना अग्निदिव्याची सूचना पुढे आली. एका मौलवीने कुराण घेऊन आणि एका पाद्रीने शुभवर्तमान घेऊन धगधगत्या आगीत शिरावे. जो सुखरूप बाहेर येईल त्याचा धर्म खरा. मोन्सेरात यांच्या वृत्तांतानुसार ही सूचना पाद्रींना करण्यात आली आणि आक्वाविवा यांनी ती नाकारली, कारण अशा रीतीने देवाची परीक्षा पाहणे त्यांना पाप वाटले. अबुल फझल मात्र 'अकबरनाम्या'त याच्या नेमके उलट लिहितो. त्याच्या मते आव्हान पाद्रींनीच दिले आणि मौलवी कचरले. दोन प्रत्यक्षदर्शी वर्तुळांतील या दोन हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. आम्हांला मोन्सेरात यांचे म्हणणे अधिक पटते, कारण आपल्या सहकाऱ्याचा नकार लिहून ठेवण्यात त्यांना कोणतीही वाहवा मिळणार नव्हती. रानात सैतानाने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सांगितले तेव्हा प्रभूनेही नकारच दिला होता. चमत्काराच्या बळावर जिंकलेला माणूस दुसऱ्या मोठ्या चमत्काराबरोबर निघून जातो.

आणखी एक 'नाही' याहून अवघड होते. बादशहाच्या अंतःपुरात अनेक राण्या होत्या. ख्रिस्ती व्हायचे तर एकीलाच पत्नी म्हणून ठेवावे लागेल, ही अट पाद्रींनी सौम्य केली नाही. एवढा मोठा मासा गळाला लागत असता एखादा धोरणी माणूस म्हणाला असता, आधी स्नानसंस्कार उरकून घेऊ, बाकीचे मागाहून पाहू. आक्वाविवा तसे म्हणाले नाहीत. त्याचबरोबर अकबराचा त्यांच्यावरील लोभही कमी झाला नाही. सत्य न लपवताही मैत्री टिकते, याचा हा पुरावा आहे.

बादशहा ख्रिस्ती झाला नाही. १५८१ मध्ये तो काबूलच्या स्वारीवर गेला, तेव्हा मोन्सेरात त्याच्याबरोबर होते. आक्वाविवा मागे राहून उपवास आणि प्रार्थना करीत होते. सुरत-दमणच्या सीमेवर मोगल व पोर्तुगीज यांच्यात चकमकी झडू लागल्या होत्या. आपण येथे धर्मासाठी आहोत की राजकारणासाठी, हा प्रश्न पाद्रींना छळू लागला. हेन्रिकिश आधीच गोव्याला परतले होते, १५८२ मध्ये मोन्सेरात निघाले, आणि १५८३ मध्ये आक्वाविवा यांनी निरोप घेतला. बादशहाने पुन्हा देणग्या देऊ केल्या. आक्वाविवा यांनी एकच मागणी केली. दरबारी गुलामगिरीत असलेल्या एका रशियन कुटुंबाला मुक्त करून आपल्याबरोबर जाऊ द्यावे. आई, बाप आणि त्यांची मुले असे ते कुटुंब होते. बादशहाने ही मागणी मान्य केली. तीन वर्षांच्या मिशनकार्याचे दृश्य फळ विचाराल तर एवढेच. आमच्या मते ते थोडे नव्हे.

कुंकळ्ळीचे दार

येथेच हकीकत संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु इतिहास आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबत नाही.

गोव्यास परतल्यावर आक्वाविवा यांच्यावर साष्टी प्रांतातील मिशनची जबाबदारी आली. १५८३ च्या जुलै महिन्यात ते, फादर आल्फोन्सो पाशेकु, फादर पिएत्रो बेर्नो, फादर आंतोनियो फ्रान्सिस्को, ब्रदर फ्रान्सिस्को आरान्या आणि काही सर्वसामान्य ख्रिस्ती अशी मंडळी कुंकळ्ळी गावात क्रूस उभारण्यासाठी व चर्चसाठी जागा पाहण्यासाठी गेली. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. बरोबरच्या एका पोर्तुगीज गृहस्थाजवळ बंदूक होती. ती चालवण्यास पाशेकु यांनी मनाई केली. पाचही येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे अनेक ख्रिस्ती तेथेच मारले गेले. आक्वाविवा त्या वेळी बत्तीस वर्षांचे होते. पोपमहोदय तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये या पाच जणांना धन्य म्हणून घोषित केले. आपण त्यांचा सन्मान करतो आणि तो योग्यच आहे. शस्त्र हाती असताना ते न वापरता त्यांनी मरण पत्करले.

परंतु कुंकळ्ळीच्या लोकांनी असे का केले, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे. १५६७ पासून साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने जमीनदोस्त केली होती. कुंकळ्ळीवरही लष्करी कारवाई होऊन तेथील देवस्थाने उद्ध्वस्त झाली होती. या गावाची देवी शांतादुर्गा पुढे फातर्प्याला नेऊन ठेवावी लागली. ज्यांच्या देवळाची राख अजून पुरती निवाली नव्हती, त्यांच्या अंगणात पाद्री क्रूस घेऊन उभे राहिले. त्यांच्या हातांत शस्त्र नव्हते हे खरे. पण शस्त्र त्यांच्या आधी तेथे येऊन गेले होते. पुढे तर याहून काळी गोष्ट घडली. बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची कत्तल झाली. सोळांपैकी एकच जण नदीत उडी घेऊन निसटला, असे स्थानिक परंपरा सांगते. या गावकऱ्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. हौतात्म्याच्या आपल्या स्मरणात त्यांनाही जागा असावी असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.

एकच धर्मगुरू, एकच श्रद्धा, आणि मधले अंतर काही महिन्यांचे. फतेपूर सिक्रीत तो निमंत्रित म्हणून गेला होता. त्याच्या पाठीशी सैन्य नव्हते, आणि ज्याला प्रश्न विचारावयाचे होते तो आपल्या पायांनी चॅपेलच्या दाराशी आला. तेथे एकही माणूस ख्रिस्ती झाला नसता तरी कुणाचे रक्त सांडले नसते. कुंकळ्ळीत दार आतून उघडण्याची वाट पाहिली गेली नाही. शुभवर्तमान तेच होते, पण ऐकणाऱ्याच्या कानांत आधी कुदळीचे घाव घुमत होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये असे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि त्याच वर्षी इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्याची शिकवण दिली. १२ मार्च २००० रोजी पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी, सत्याच्या सेवेत ख्रिस्ती माणसांनी वापरलेल्या बळजबरीबद्दल, संपूर्ण ख्रिस्तसभेच्या वतीने देवाची क्षमा मागितली. आक्वाविवा यांच्या आयुष्यातील या दोन गावांची गोष्ट ज्याने वाचली आहे, त्याला ती क्षमायाचना कुणी दूरच्या लोकांसाठी केलेली वाटणार नाही.

साष्टीतील एक प्रश्नकर्ता

आता थोडे आपल्या भाषेकडे वळू. आक्वाविवा उत्तरेला निघाले त्याच्या काही आठवडेच आधी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, एक तरुण इंग्रज गोव्याला उतरला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे त्याचे नाव. काही आठवडे हे दोघेही गोव्यातच होते. चार वर्षांनी कुंकळ्ळीच्या हत्याकांडानंतर मृतदेह परत मिळवण्याची दुःखद कामगिरी याच स्टीफन्स यांच्या वाट्याला आली. त्यानंतर त्यांनी आपले उरलेले जवळजवळ सारे आयुष्य त्याच साष्टीत घालवले. ज्या मातीत आपल्या बांधवांचे रक्त सांडले तेथील लोकांविषयी मनात अढी धरून बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी त्याऐवजी त्या लोकांची भाषा शिकून घेतली.

१६१६ मध्ये रायतूर येथे छापून प्रसिद्ध झालेले त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' आपल्या घराघरांत नावाने तरी ठाऊक आहे. त्याच्या आरंभीच्या भागात एक प्रसंग येतो. साष्टीतील एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? त्या प्रश्नात नम्रता आहे आणि वेदनाही आहे. एक जग हातातून काढून घेतले गेले आहे आणि दुसरे अजून हाती आलेले नाही, अशा माणसाचा तो प्रश्न आहे. पाद्रींनी त्याला श्रद्धाहीन म्हणून बाजूला बसवले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे झाले. ख्रिस्ती मराठी साहित्याचा पाया चर्चमधल्या एका शंकेवर उभा आहे, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे.

दाराशी उभा असलेला माणूस

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील मंडळींसमवेत आम्ही फतेपूर सिक्रीला गेलो होतो. वाटाड्याने एक वाडा दाखवून, हे अकबराच्या ख्रिस्ती राणीचे, मरियमचे घर, असे सांगितले आणि आमच्या मंडळींना मोठा आनंद झाला. वस्तुतः मरियम-उझ-झमानी ही पदवी जहांगीरच्या आईची, म्हणजे एका राजपूत राजकन्येची होती, आणि बादशहाला ख्रिस्ती राणी असल्याचा समकालीन आधार नाही. परंतु अशी राणी असावी असे आपल्याला किती वाटते! अकबर आपला झाला नाही, निदान त्याच्या घरात तरी आपले कुणी असावे, हीच त्यामागची भावना. मोठ्या माणसाच्या धर्मांतराने आपली श्रद्धा मोठी ठरेल, असा हा भ्रम आहे. मागे बुलंद दरवाजावर येशूच्या नावाने कोरलेले एक वचन पाहिले, तेव्हा हा भ्रम ओसरला. जग हा पूल आहे, त्यावरून पार व्हावे, त्यावर घर बांधू नये, अशा अर्थाचे ते वचन शुभवर्तमानांत नाही; ते मुसलमानी परंपरेतून आलेले आहे. दक्षिणेच्या विजयानंतर, १६०१ च्या सुमाराचा तो लेख. येशू बादशहाच्या दारापर्यंत पोहोचला होता. दाराच्या आत काय घडले ते बादशहा जाणे आणि त्याचा देव जाणे.

आक्वाविवा यांचे कार्य वाया गेले काय? बादशहाच्या बोलावण्यावरून १५९१ मध्ये पुन्हा पाद्री आले आणि १५९५ मध्ये तिसऱ्यांदा आले. त्या वेळी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातील फादर जेरोम झेवियर लाहोरला गेले. त्यांनी १६०२ मध्ये बादशहासाठी फारसीत ख्रिस्तचरित्र पूर्ण केले. लाहोर आणि आग्रा येथे चर्च उभी राहिली. त्याच सुमारास आग्र्याच्या चर्चमध्ये धन्य मरियेचे एक चित्र दर्शनासाठी ठेवण्यात आले, तेव्हा ते पाहण्यासाठी शहरातील हिंदू-मुसलमानांची रीघ लागली. त्या गर्दीतील एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. ती माणसे आली, क्षणभर उभी राहिली आणि आपापल्या घरी गेली. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात काय उमटले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही आणि ती असण्याचे कारणही नाही.

आमच्या शेजाऱ्यांकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशी फराळाचे ताट घेऊन आम्ही गेलो. आदल्या रात्रीच्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली आणि ख्रिस्तशरीर म्हणजे काय, ते सर्वांना का दिले जात नाही, हे जमेल तसे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्यांनी विचारले, "वेदीच्या बाजूला तो लहानसा लाल दिवा तेवत होता, तो कायमच तेवत असतो का? कशासाठी?" जन्मापासून आम्ही तो दिवा पाहत आलो होतो. परंतु कुणाला त्याविषयी सांगण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. पवित्र साक्रामेंतातील प्रभूच्या सान्निध्याची ती खूण आहे, असे आम्ही म्हणालो खरे. पण बोलता बोलता आमचाच आवाज दाटून आला. ते वाक्य आम्ही प्रथमच पुरते ऐकत होतो.

ते गृहस्थ आजही हिंदूच आहेत. अधूनमधून ते चर्चमध्ये येतात, मागच्या बाकावर थोडा वेळ बसतात, त्या दिव्याकडे पाहतात आणि जातात. रांग लागते तेव्हा ते आपल्या जागी हात जोडून उभे राहतात. त्यांना अडवण्याची आता कुणाला गरज पडत नाही. आम्ही मात्र त्यांच्याजवळून जाताना दर वेळी पाहतो, की चपला त्यांनी आजही पायरीवरच काढून ठेवलेल्या असतात.